दंड सरकारजमा, नुकसान जनतेचे

(हट्टा, जि. हिंगोली येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या त्या उठावात शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या तिजोरीपेक्षा त्याच्या कागदपत्रांवर होता. कर्जरोखे हस्तगत करावेत आणि जाळून टाकावेत, हाच गावोगावचा कार्यक्रम होता. ज्याच्या हाती आपल्यासंबंधीची माहिती, त्याच्या हाती आपली मानगूट, हे त्या निरक्षर कुणब्याला नेमके उमगले होते. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा झाला आणि कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो कायदा इकडे आला नाही. सावकाराची चोपडी मात्र इकडेही तीच होती.

आज ती चोपडी संगणकात गेली आहे. हट्ट्याचा हळद पिकवणारा शेतकरी एखाद्या खाजगी वित्तसंस्थेकडून कर्ज काढतो, तेव्हा आधार क्रमांक, पासबुकाची प्रत, मोबाइल क्रमांक, अंगठ्याचा ठसा आणि घरातल्या माणसांची नावे तो देऊन येतो. सावकाराच्या चोपडीत एका गावाची माहिती असे. कंपनीच्या संगणकात कोट्यवधींची असते. चोपडी चोरून चोराला काही मिळत नसे. ही माहिती मात्र बाजारात विकली जाते. परीक्षेचा पेपर फुटावा तशी ती फुटते. समजा, उद्या आपल्या शेतकऱ्याला फोन आला आणि समोरच्याने त्याचा खातेक्रमांक, कर्जाची रक्कम आणि हप्त्याची तारीख बिनचूक सांगितली, तर त्याने त्याच्यावर विश्वास का ठेवू नये? तो फसतो आणि आपण म्हणतो, "अडाणी होता." वस्तुतः त्याची माहिती ज्याने सांभाळली नाही, तो या गुन्ह्याचा पहिला भागीदार आहे.

हे केवळ कल्पनाचित्र नव्हे. २०१६ साली एटीएम व्यवहार सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरल्यामुळे देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले. त्यातील बरीच रक्कम बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील एटीएममधून निघाली. २०२४ साली स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती फुटली. तीन कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती आपल्यापाशी असल्याचा दावा चोरट्याने केला, आणि कंपनीला मद्रास उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. माणसाचा आजारही विक्रीस निघू शकतो, हे त्या प्रकरणाने दाखवले.

तेव्हा प्रश्न असा की, ज्याची माहिती फुटली त्याने कोणाकडे दाद मागावी?

पहिला मार्ग बँकेचा. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे, व कळवल्याचा पुरावा जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक मोलाचे तत्त्व घालून दिले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, ती तिसऱ्याच कोणाची आहे, अशा वेळी ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले तर तेव्हाही शून्य. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही असेच परिपत्रक निघाले. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. म्हणूनच कळवण्यात एक दिवसही दवडू नये. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिला शुल्क पडत नाही.

दुसरा मार्ग माहिती तंत्रज्ञान कायद्याचा. २००० सालच्या या कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ४३-अ हे कलम आले. संवेदनशील वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षा ठेवण्यात हयगय केली आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर कंपनीने त्याला भरपाई द्यावी, असे ते सांगते. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवापुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतो. या कायद्याचा उपयोग होतो काय? पुण्याच्या पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये भामट्यांनी वळवले होते. कंपनीच्या चालकाने फसव्या ईमेलला उत्तर दिले होते, म्हणजे त्याच्याकडेही थोडा दोष होता. तरीही २०१३ साली महाराष्ट्राच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याने बँकेची हयगय ग्राह्य धरून ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. फसलेल्या माणसाचा दोष दाखवून संस्थेला आपली जबाबदारी झटकता येत नाही, हा त्या निर्णयाचा अर्थ.

परंतु या मार्गातील अडसरही सांगितले पाहिजेत. अधिकारी मुंबईला मंत्रालयात. हट्ट्याहून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर, म्हणजे परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास. शुल्क मागणीच्या प्रमाणात. नुकसान आणि हयगय, दोन्ही सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर. अपिलाची कथा तर याहून उद्वेगजनक आहे. सायबर अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद २०११ पासून रिकामे राहिले आणि २०१७ साली ते न्यायाधिकरणच दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन झाले. उद्योजकाला हे सारे परवडते. ज्याचे वीस हजार गेले त्याला परवडत नाही.

म्हणून आपल्या दृष्टीने तिसरा मार्ग अधिक जवळचा: जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सेवा देणाऱ्याची हयगय ही सेवेतील त्रुटी ठरते. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे हा अनुचित व्यापारी व्यवहार ठरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ३५ व्या कलमानुसार समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक, आयोगाच्या परवानगीने, एकच तक्रार दाखल करू शकतात. मुदत दोन वर्षांची. उणीव एवढीच की, मोबदला दिल्याशिवाय माणूस ग्राहक ठरत नाही. तेव्हा फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपच्या बाबतीत हा मार्ग अडचणीचा होतो.

याखेरीज फौजदारी मार्ग आहेच. दुसऱ्याची ओळख वापरून केलेल्या फसवणुकीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-क व ६६-ड ही कलमे आहेत, आणि कराराने मिळालेली माहिती लबाडीने बाहेर देणाऱ्यासाठी ७२-अ आहे. हट्ट्याच्या पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून तिची प्रत घ्यावी. पुढच्या प्रत्येक दारात ती लागते.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्या कंपनीस २५० कोटींपर्यंत आणि माहिती फुटल्याचे न कळवणाऱ्या कंपनीस २०० कोटींपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. आकडे ऐकून टाळ्या पडतात. परंतु ३४ वे कलम वाचा. दंडाची सर्व रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली, त्याला एक पैसाही नाही. आणि ४४ वे कलम वाचा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ, म्हणजे भरपाई देणारे ते एकमेव खास कलमच, वगळून टाकले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्याची अधिसूचना निघाली. ४३-अ वगळण्यासाठी अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली. ज्या बाबी नव्या डेटा संरक्षण मंडळाच्या अधिकारात येतात, त्यांवर दिवाणी न्यायालयाने दावा ऐकू नये, असेही ३९ वे कलम सांगते. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे या कायद्याने नागरिकाकडून वसुली होऊ शकते, नागरिकाला भरपाई मात्र होऊ शकत नाही! शिवाय सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार आहे तो वेगळाच.

ही केवळ नजरचूक मानता येत नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांना महाराष्ट्र मुंबईच्या दंगलींच्या चौकशीमुळे ओळखतो. त्यांच्याच समितीने २०१८ साली सादर केलेल्या मसुद्यात नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई मागण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही तो होता. अंतिम कायद्यात तो राहिला नाही. तो कोणाच्या सोयीसाठी गळला, हे या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने एवढेच सांगेन. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे कपडे काळे होतात, पण तो खर्च कारखान्याच्या हिशेबात येत नाही, हे पिगू या अर्थतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वी मांडले. माहितीचा साठा करून नफा कंपनीने घ्यायचा आणि ती फुटल्याचा खर्च शेतकऱ्याने, मजुराने, पेन्शनरने सोसायचा, हा तोच न्याय. १९८६ साली, भोपाळच्या जखमा ताज्या असताना, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ओलियम वायूच्या प्रकरणात सांगितले की, धोकादायक धंदा करून नफा मिळवणाऱ्याने अपघाताची संपूर्ण जबाबदारी उचलली पाहिजे. आपण काळजी घेतली होती, ही सबब त्याला नाही. कोट्यवधींचे आधार क्रमांक व आजारांच्या नोंदी साठवणे हा धंदाही त्याच मापाने मोजला पाहिजे, असे माझे मत आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, भरपाई द्यायला लावली तर उद्योग बुडतील. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीचे ८२ वे कलम आर्थिक आणि मानसिक, दोन्ही हानींसाठी भरपाईचा हक्क देते. तेथील उद्योग बुडालेले नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमेरिकेत २०१७ साली एक्विफॅक्स कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली. २०१९ साली ७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, परंतु माणशी हाती पडले ते अल्प. रक्कम मोठी दिसते आणि वाटता वाटता विरून जाते, हे खरे आहे. म्हणूनच नुकसान सिद्ध करण्याची अट न घालता माणशी किमान भरपाई कायद्यानेच ठरवून द्यावी, अशी आपली मागणी असली पाहिजे.

मागण्या चार: वगळलेला भरपाईचा हक्क नव्या कायद्यात परत घालावा, किमान भरपाई निश्चित करावी, काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकावा, आणि सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी. सूट मिळालेल्या सरकारी यंत्रणांनाही हे सारे लागू व्हावे. समाजवाद्याने खाजगी भांडवलाला एक माप आणि राज्यसंस्थेला दुसरे माप लावू नये.

परंतु कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. ४३-अ चा आधार घेण्यासारखे प्रकरण असेल तर मे २०२७ ची वाट न पाहता अर्ज करा. नव्या कायद्याच्या ३८ व्या कलमाने इतर कायद्यांखालील मार्ग खुले ठेवले आहेत. तेव्हा ग्राहक आयोगाचे दार बंद झालेले नाही. प्रत्येक गावात एका कार्यकर्त्याने वही घालावी. कोणी कोणत्या संस्थेला कोणते कागद दिले, फसवा फोन कधी आला, बँकेला कधी कळवले, पोच मिळाली की नाही, हे तारीखवार लिहावे. एकाच संस्थेचे दहा ग्राहक निघाले की हिंगोलीला दहा अर्ज नेऊ नका. दहा जणांची एक तक्रार न्या. एकट्याचे वीस हजार कंपनीच्या वकिलाला क्षुल्लक वाटतात. दहा जणांची एकत्र तक्रार त्याला तशी वाटणार नाही.

१८७५ च्या शेतकऱ्याने सावकाराचे कागद जाळले, कारण त्याच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. संगणकातील चोपडी जाळता येत नाही. ती सांभाळणाऱ्याला जाब विचारता येतो, आणि त्यासाठी आपली स्वतःची वही लागते. ती आजपासून घालू या.