वार्धक्य, अर्थ आणि आरोग्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अलीगंज, लखनौ येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, याचा सरळ अर्थ असा की ज्यांनी ऐन पंचविशी-तिशीत या संस्थेचा पाया घातला, ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. सुवर्णमहोत्सवात गत गोष्टींची उजळणी जितकी उचित, तितकाच ज्यांनी त्या घडविल्या त्यांच्या प्रकृतीचा विचारही उचित होय. मी वैद्य नव्हे, अर्थशास्त्रज्ञही नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि आता निवृत्तीच्या उंबरठ्याशी येऊन ठेपलेला एक सामान्य माणूस आहे. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये, अशी आरंभीच विनंती करतो.

म्हातारपणाचे दुखणे हे वयाचे दुखणे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु एकाच वयाच्या दोन माणसांपैकी एक सकाळी फिरायला निघतो आणि दुसरा खाटेला खिळतो, हे केवळ वयाने उलगडत नाही. त्यामागे अनुवंश असतो, सवयी असतात. आणि ज्याचा उच्चार आपण संकोचाने टाळतो, तो पैसाही असतो.

या विषयावरील सर्वांत गाजलेले संशोधन आम्हा सरकारी नोकरांवरच झालेले आहे. लंडनमधील व्हाइटहॉल येथील सुमारे अठरा हजार सरकारी सेवकांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. यांतील कोणीही दरिद्री नव्हता. सर्वांना नोकरी होती, निवृत्तिवेतनाची हमी होती आणि १९४८ पासून इंग्लंडात उपचार सर्वांनाच मोफत होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील सेवकांचे मृत्युप्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे जमेस धरूनही हा फरक पुरता पुसला गेला नाही. किंबहुना निवृत्तीनंतरही त्याची सावली उरलीच. पुढे या संशोधनाची धुरा वाहणारे मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाने २००८ साली हेच व्यापक स्वरूपात मांडले: माणसाचे आरोग्य रुग्णालयात ठरण्याच्या कितीतरी आधी त्याच्या घरात, कामात आणि मिळकतीत ठरत असते.

हे घडते कसे? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट चालढकलीची. हातात पैसा बेताचा असला म्हणजे जे दुखते त्याला औषध मिळते, जे दुखत नाही त्याला मिळत नाही. रक्तदाब दुखत नाही. म्हणून महिनाअखेर आली की प्रथम त्याचीच गोळी बंद होते, किंवा एकीच्या जागी अर्धी होते. आपल्या महाराष्ट्रातील गडचिरोलीच्या खेड्यांतून ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला, तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण म्हणून पुढे आले. ज्याला आपण श्रीमंतांचा विकार समजत होतो, तो असा गरिबाच्या झोपडीत जाऊन बसला आहे. मोतीबिंदू, दातांची कवळी, कानाचे यंत्र यांचीही तीच कथा. दिसेनासे झाले की पडणे आले, पडले की हाड मोडणे आले. मग चार पैसे वाचविण्यासाठी पुढे ढकललेला खर्च दसपटीने वसूल होतो. व्यवहारात उधारी चालते. शरीर उधारी ठेवून घेत नाही.

दुसरी वाट स्वयंपाकघरातून जाते. उतारवयात भूक कमी होते, परंतु स्नायूंची झीज भरून काढण्यासाठी दूध, डाळी, अंडी यांची गरज कमी होत नाही. नेमके हेच पदार्थ महाग. वरण पातळ होते, फळ नातवंडांसाठी ठेवले जाते, आणि ‘या वयात काय खायचे आहे आता’ असे म्हणून घरातील वृद्धा आपले ताट हलके करते. ती त्याला त्याग समजते. वैद्य त्याला कुपोषण म्हणतो.

तिसरी वाट मनाची. रकमेपेक्षाही रकमेची नियमितता आणि ती कोणाच्या हातात पडते, याला म्हातारपणी फार महत्त्व आहे. दरमहा ठरावीक तारखेला स्वतःच्या खात्यात जमा होणारे थोडे पैसेसुद्धा माणसाला ताठ ठेवतात. उलट चष्म्याची काडी मोडली तरी मुलाकडे हात पसरावा लागत असेल, तर प्रेमळ मुलापुढेही तो हात संकोचतो. आणि संकोच हा पुष्कळ दुखण्यांचा आरंभ असतो.

आता आपल्या लखनौकडे वळू. येथील मराठी माणूस एका साच्याचा नाही. एक इकडे अलीगंजच्या केंद्रीय भवनात, रेल्वेत, बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला. दुसरा तिकडे चौकाच्या सराफ्यात गलाईचा व्यवसाय करणारा. विटा, खानापूर, आटपाडी या सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेला. देशभरच्या सराफ्यांत सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याचे काम या मंडळींनी सचोटीने केले. दोघेही गणेशोत्सवात शेजारी शेजारी उभे राहून आरती म्हणतात. परंतु साठी उलटल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

पहिल्याला निवृत्तिवेतन आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निवृत्तिवेतन ही मेहरबानी नसून हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या पीठाचे अध्यक्षस्थान सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी भूषविले होते, याचा आपणांस अभिमान वाटावा. त्याला १९५४ साली दिल्लीत सुरू होऊन पुढे लखनौपर्यंत आलेल्या केंद्रीय आरोग्य योजनेचा दवाखानाही आहे. दुसऱ्याने चाळीस वर्षे भट्टीच्या धगीत आणि तेजाबाच्या वाफेत काढली. त्याला ना भविष्य निर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. जोवर छाती साथ देते तोवर दुकान, आणि दुकान तोवर मिळकत. ज्याच्या व्यवसायाने फुफ्फुस झिजविले, त्याच्याच जवळ फुफ्फुसाच्या उपचाराला पैसा नाही, हा दैवदुर्विलास नव्हे. ही व्यवस्थेतील उणीव आहे.

असेच मुंबईत घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा केवळ पगार गेला नाही. पगाराबरोबर मिळणारे कामगार विमा योजनेचे छत्रही गेले. त्या पिढीतील कित्येकांनी गावच्या ओटीवर बसून आपले म्हातारपण विनाऔषध काढले.

आणि स्त्रिया? १९६४ च्या योजनेमुळे सरकारी सेवकाच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले, हे मोठेच काम झाले. परंतु ज्यांचे पती सरकारी नोकरीत नव्हते, त्या भगिनींनी जन्मभर संसार ओढून अखेर त्यांच्या नावावर काय उरते, याचा विचार प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपल्या हयातीतच करावा.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही, आणि ते खरेही नाही. १९९५ साली राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आली. मात्र तीत केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतील वृद्धाला दरमहा दोनशे रुपये एवढाच ठरला, राज्ये त्यांत आपली भर घालतात. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी तिचे दार उघडले. एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती आहे. तथापि ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. रोजची गोळी, तपासणी, चष्मा, कवळी यांचा भार अजूनही घरावरच पडतो. आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे नाश तेथूनच सुरू होतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात निवृत्तीनंतर गावी परतण्याचा विचार असतो. त्यांनी एक हिशेब अवश्य मांडावा. जेथे केंद्रीय आरोग्य योजनेचा दवाखाना नाही, तेथे राहणाऱ्या निवृत्त सेवकाला बाह्य उपचारांसाठी ठरावीक वैद्यकीय भत्ता मिळतो. जुलै २०१७ पासून तो दरमहा १,००० रुपये करण्यात आला. गावची हवा चांगली खरी, पण मधुमेह आणि रक्तदाब जडलेल्या दांपत्याची औषधे तेवढ्यात भागतील काय, हे आधी पाहावे.

मग मंडळाने काय करावे? मोठ्या इमारतीची योजना मी मांडणार नाही. चार लहान कामे सुचवितो. पहिले, सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाचे वय वंदना कार्ड निघाले आहे की नाही, हे तरुणांनी घरोघर जाऊन पाहावे. ज्यांना केंद्रीय आरोग्य योजना लागू आहे, त्यांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, तेही समजावून सांगावे. दुसरे, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला आणि एरव्ही कुटुंब निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून देण्यास आम्ही नोकरीतील माणसांनी महिन्यातून एक सकाळ द्यावी. कागदांशी आमची जन्माची ओळख आहे; तिचा एवढा तरी उपयोग व्हावा. तिसरे, मासिक सभेच्या दिवशी रक्तदाब व साखर तपासण्याची सोय करावी, आणि स्वस्त जेनेरिक औषधे देणाऱ्या जनऔषधी केंद्रांची माहिती फलकावर लावावी. चौथे, एक औषधनिधी असावा. ज्याला मदत मिळते त्याचे नाव चिटणीस आणि खजिनदार यांच्यापलीकडे कोणालाही कळू नये. देणाऱ्याचे नाव अहवालात छापावे, घेणाऱ्याचे कधीही छापू नये.

ज्येष्ठ महिन्यातील बड्या मंगळवारी या अलीगंजात हनुमंताच्या नावाने वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाला पुरी-भाजी आणि सरबत मिळते. जातपात, श्रीमंत-गरीब कोणी विचारीत नाही. या शहराचे हे औदार्य आपण पन्नास वर्षे पाहात आलो. त्याला आपण आपल्याकडची एक गोष्ट जोडावी, ती म्हणजे भिशीच्या हप्त्यासारखी बारमाही नियमितता. कारण भूक एका मंगळवारी भागते, पण रक्तदाबाची गोळी रोज लागते.

मंडळाची शताब्दी साजरी होईल तेव्हा आज या सभागृहात मागे बसलेली तरुण मंडळी पुढच्या रांगेत वृद्ध म्हणून बसलेली असतील. आज जी व्यवस्था आपण लावू, तिचा लाभ त्यांनाच होणार आहे. म्हणून हे दान नव्हे, ठेव आहे, असे समजून तिचा पहिला हप्ता याच वर्षी भरावा, एवढीच विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.