नवशिक्याचें लिनक्स



आमच्या पनवेलीस एके काळीं बैलगाडीच्या चाकांचा मोठा धंदा चाले. घाटावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परततांना येथून चाकांची जोडी घेऊन जाई. तुंबा, आरे आणि धाव कशीं बसवितात हें त्यास ठाऊक नसलें तरी चाले. परंतु वाटेंत आरा निखळला म्हणजे त्या अज्ञानाचें मोल त्यासच द्यावें लागे. संगणकाच्या बाबतींत आपण बहुतेक सारे त्या गाडीवानासारखेच आहोंत.

संगणकाचीं सारीं अंगें एकत्र चालविणाऱ्या मूळ व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनक्स हा अशा व्यवस्थेचा गाभा फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जगापुढें ठेवला. त्याची घडण कोणीही वाचावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा आहे. त्यावर उभारलेल्या प्रणालींपैकीं उबुंटू ही तयार चाकासारखी हातीं येते. २००२ सालीं जड व्हिनेट यांनीं सुरू केलेली आर्च लिनक्स मात्र सुटे भाग पुढें ठेवते. बसवून देणारें साधन आतां तिच्यांतही आहे. पण शिकावयाचें असेल त्यानें डिस्कचे भाग पाडण्यापासून सारें आपल्या हातानें, आज्ञा लिहून करावें.

मी या वाटेस हौसेनें गेलों आणि दुसऱ्याच्या टिपणांतील आज्ञा अर्थ न पाहतां उतरवूं लागलों. प्रणालीची प्रत पेन ड्राइव्हवर लिहावयाची होती. त्या कामाची 'डीडी' ही आज्ञा, जिचें नांव द्यावें त्या डिस्कवर निमूटपणें लिहीत सुटते. 'खरेंच पुसूं काय?' असें ती विचारीत नाहीं. टिपणांत 'एसडीबी' हें नांव होतें, तेंच मीं दिलें. हीं नांवें यंत्रास डिस्क ज्या क्रमानें सांपडतात त्यावरून पडतात. तीं घरोघर सारखीं नसतात. माझ्या घरीं एसडीबी म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण ठेवलेली डिस्क होती.

'फोटोरेक' या मुक्त साधनानें कांहीं ओव्या परत मिळाल्या. ज्या जागेवर नवें लेखन झालें होतें, तेथल्या गेल्या त्या गेल्याच. पुन्हां म्हणून दाखवावयास आजी उरली नव्हती.

दुसऱ्या खेपेस उरलेल्या ओव्यांच्या दोन प्रती आधीं निराळ्या ठेवल्या. 'एलएसबीएलके' या आज्ञेनें डिस्कांची यादी काढून प्रत्येकीची ओळख तिच्या आकारावरून पटविली. न समजलेल्या आज्ञेची माहिती 'मॅन' या आज्ञेनें वाचली. प्रणाली सुरू झाली, पण इंटरनेट चालेना. त्याचा कार्यक्रम बसवावयाचाच राहिला होता. परंतु आतां कोणता आरा नाहीं हें मला कळत होतें. पेन ड्राइव्हवरून पुन्हां आंत शिरून तो बसविला, आणि चाक फिरूं लागलें.

इंग्रजीची भीति वाटणाऱ्यांनीं मुंबईच्या आय. आय. टी.च्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरील मराठी पाठ ऐकावे. माझें सांगणें एवढेंच कीं, 'एन्टर'वर बोट ठेवण्यापूर्वीं लिहिलेली आज्ञा एकदां मराठींत मोठ्यानें सांगून पाहावी. सांगतां आली नाहीं, तर बोट मागें घ्यावें.