ठेवीचा विनियोग आणि ठेवीदाराचा विवेक



वेरूळच्या चारणाद्री डोंगरावर भगवान पार्श्वनाथांच्या भव्य मूर्तीपाशी शके 1156 चा, म्हणजेच इ. स. 1235 चा शिलालेख आहे. चक्रेश्वर नामक श्रावकाने ही मूर्ती करविली, असे तो सांगतो. द्रव्य कोणाचे आणि ते कोणत्या कार्यी लागले, याची नोंद पाषाणावर राहिली. आजचा ठेवीदार मात्र बँकेत रक्कम ठेवताना व्याजाचा दर तेवढा विचारतो. त्या रकमेतून कोणाला कर्ज दिले जाते, हे क्वचितच विचारतो.

जैन श्रावकाचारानुसार पाप केवळ स्वतः केल्यानेच नव्हे, तर करविल्याने आणि अनुमोदनानेही घडते. श्रावकास वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत कोळसा पाडण्याचे अंगारकर्म, वृक्षतोडीचे वनकर्म, विषवाणिज्य आणि तलाव आटविण्याचे सरःशोषकर्म यांचा समावेश आहे. जो व्यवसाय श्रावक स्वतः करणार नाही, त्यास त्याच्या ठेवीतून भांडवल मिळावे काय? हा प्रश्न जितका पर्यावरणाचा, तितकाच व्रताचा आहे.

या प्रश्नाचे अंशतः उत्तर रिझर्व्ह बँकेच्या हरित ठेवींच्या नियमावलीत सापडते. 11 एप्रिल 2023 रोजी जाहीर झालेली ही नियमावली 1 जून 2023 पासून लागू झाली. तीनुसार अशा ठेवींचा पैसा अपारंपरिक ऊर्जा, ऊर्जाबचत, स्वच्छ वाहतूक, जल व कचरा व्यवस्थापन, जैवविविधतेचे संवर्धन अशा कार्यांसाठी राखून ठेवावयाचा असतो. खनिज इंधनांचे उत्खनन, मद्य, शस्त्रे, तंबाखू ही क्षेत्रे त्यातून वगळलेली आहेत. विनियोगाची दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून पडताळणी करून तिचा अहवाल संकेतस्थळावर ठेवणेही बँकेस बंधनकारक करण्यात आले. या ठेवींना इतर ठेवींप्रमाणेच ठेव विम्याचे संरक्षण आहे.

तथापि मर्यादाही जाणून घ्याव्यात. 2023 ची ही नियमावली सहकारी बँका व पतसंस्थांना लागू करण्यात आली नव्हती. ग्रामीण भागातील अनेकांची बचत तर तेथेच असते. शिवाय एखादी बँक हरित ठेवी स्वीकारते, म्हणून तिची सर्वच कर्जे निर्दोष ठरत नाहीत. व्याजाचाही विचार आहे. भारतीय स्टेट बँकेने जानेवारी 2024 मध्ये 1,111, 1,777 व 2,222 दिवसांच्या हरित ठेवी आणल्या, तेव्हा त्यांचा दर नेहमीच्या ठेवींहून 0.10 टक्क्याने कमी होता. म्हणजे लाखामागे वर्षाला सुमारे शंभर रुपयांचा त्याग.

कागदी पासबुक टाळणे चांगलेच. परंतु पर्यावरणस्नेही बँकिंगचा गाभा कर्जवाटपात आहे. म्हणून ठेवीदाराने शाखेत तीन प्रश्न विचारावेत : हरित ठेव उपलब्ध आहे काय? तिचा पैसा कोणत्या कार्यांत गुंतविला जातो? पडताळणीचा ताजा अहवाल कोठे पाहावयास मिळेल? सहकारी संस्थेच्या सभासदाने हाच विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा, आणि विश्वस्तांनी धर्मादाय निधीच्या ठेवींपासून आरंभ करावा. अपरिग्रहाच्या वाटेवरील गृहस्थाला धनसंचय पूर्णतः टाळता येत नाही. त्या धनाच्या हातून हिंसा घडू नये, एवढी दक्षता मात्र त्याला निश्चितच घेता येते.