बातमीने यावे की वाचकाने जावे?



मुलाच्या नोकरीच्या पत्राची वाट पाहणारे वडील आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. दिवसातून दोनदा पोस्टात जायचे, "आमचं काही आलंय का?" म्हणून विचारायचे आणि पोस्टमास्तरांनी मान हलवली की परत फिरायचे. पत्र एकाच दिवशी यायचे, हेलपाटे मात्र महिनाभर. त्याऐवजी पत्र आल्याबरोबर पोस्टमनने दारात हाक मारली, तर हेलपाटा वाचतो आणि उशीरही होत नाही. इंटरनेटवरच्या ब्लॉगचे लेखन वाचकांपर्यंत जाते तेही याच दोन तऱ्हांनी.

ब्लॉग लिहिणारा आपल्या जागेवर लेख ठेवतो. नवा लेख आला हे वाचकाला कसे कळणार? त्यासाठी 'फीड' असते. फीड म्हणजे ताज्या लेखांचे मथळे, तारखा आणि मजकूर ठराविक साच्यात मांडलेली यादी. आरएसएस नावाचा असा साचा १९९९ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीने आणला. पुढे डेव्ह वायनर यांनी तो वाढवला आणि २००२ मध्ये आरएसएस २.० ही आवृत्ती आली. वाचक आपल्या आवडीच्या ब्लॉगांची नोंद 'फीड रीडर' या सेवेत करतो. ही सेवा त्याच्या वतीने दारोदार फिरून नवे लेख गोळा करते.

आता थोडा हिशेब करू. समजा, एक फीड रीडर दर अर्ध्या तासाने तुमच्या ब्लॉगवर डोकावतो. दिवसाला ४८ फेऱ्या झाल्या, महिन्याला १४४०. तुम्ही महिन्यात चार लेख लिहिलेत, तर किमान १४३६ फेऱ्या फुकट! असे हजार रीडर असले, तर रोज ४८ हजार वेळा तुमच्या सर्व्हरला "काही नवं आहे का?" याचे उत्तर द्यावे लागते. "काही बदल नाही" असे थोडक्यात सांगायला ३०४ हा सांकेतिक क्रमांक आहे. त्याने मजकूर पुन्हा पाठवण्याचे ओझे वाचते, हेलपाटा वाचत नाही. शिवाय एवढे करूनही लेख अर्धा तास उशिरा दिसू शकतो.

यावर उपाय शोधण्याची धडपड जुनीच. आरएसएस २.० मध्येच 'क्लाउड' नावाची एक सोय होती, पण ती फारशी रुळली नाही. २००९ मध्ये गूगलमधल्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन यांनी सहकाऱ्यांसह 'पबसबहबबब' ही पद्धत मांडली. नाव उच्चारताना जीभ अडखळते, कल्पना मात्र सोपी आहे. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये एक 'हब' असतो. त्याला आपण वाटपकेंद्र म्हणू. आपले केंद्र कोणते, हे ब्लॉग आपल्या फीडमध्ये लिहून ठेवतो. फीड रीडर त्या केंद्राकडे आपला पत्ता नोंदवतो. लेख प्रसिद्ध झाला की ब्लॉग केंद्राला फक्त एकदा इशारा देतो. केंद्र नवा मजकूर उचलते आणि नोंदवलेल्या सर्व पत्त्यांवर पाठवते. अर्ध्या तासाचे काम काही सेकंदांत होते.

यातली दक्षताही पाहण्याजोगी आहे. कुणी खोडसाळपणे दुसऱ्याचाच पत्ता दिला तर? म्हणून केंद्र आधी त्या पत्त्यावर एक खूण पाठवते. तीच खूण परत आली तरच नोंद पक्की होते. ही नोंद ठराविक मुदतीची असते आणि मासिकाच्या वर्गणीसारखी पुन्हा करावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने याच पद्धतीला 'वेबसब' या सुटसुटीत नावाने मान्यता दिली.

आपल्या ब्लॉगला ही सोय आहे का, हे पाहायचे असेल तर फीडचा मूळ मजकूर उघडून रोमन लिपीतला 'हब' हा शब्द शोधावा. बहुधा तिथेच सापडतो. वर्डप्रेससारख्या प्रणालीत ही सोय प्लगइनने बसवताही येते. मात्र वाचकाचा फीड रीडरही ही पद्धत पाळणारा हवा. तो पाळत नसेल, तर त्याचे हेलपाटे चालूच राहतात.

पण इतकी घाई हवी कशाला? खरे आहे, ललित लेख संध्याकाळी वाचला म्हणून शिळा होत नाही. पण "शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आज पाचला संपते" हे साडेपाचला कळून काय उपयोग? अशा वेळी अर्धा तास मोलाचा असतो. मात्र वेगाला जबाबदारीही चिकटलेली असते. मी एकदा एका कार्यक्रमाची तारीख चुकीची लिहिली आणि दहा मिनिटांत दुरुस्त केली. तोवर लेख वाचकांकडे जाऊन पोचला होता. दुरुस्तीही मागोमाग गेली, पण वाचून उठलेला माणूस पुन्हा कशाला येतो? तेव्हापासून 'प्रसिद्ध करा' हे बटण दाबण्याआधी तारीख, वार आणि नाव मी मोठ्याने वाचतो.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १ जुलै २०१३ रोजी 'गूगल रीडर' ही लोकप्रिय सेवा बंद झाली. एव्हाना पुष्कळ वाचक समाजमाध्यमांकडे वळलेले होते. तिथेही मजकूर झटपट येतो, पण कुणाला काय दाखवायचे हे कंपनीचे गणित ठरवते. तुमचे हजार वाचक असले, तरी लेख त्या हजारांपुढे जाईलच असे नाही. फीडमध्ये निवड वाचकाची असते. त्याने ज्याला बोलावले तो येतो, आणि नको झाला तर वाचक नोंद काढून टाकतो. मध्ये हब असला तरी कुणी काय वाचावे हे तो ठरवत नाही. एक हब बंद पडला तर दुसरा नेमता येतो.

पोस्टमनने पत्र लवकर आणावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण कुठले पत्र द्यायचे आणि कुठले ठेवून घ्यायचे, हे तो ठरवू लागला तर? म्हणून श्रोतेहो, आपल्या आवडीच्या दोन-चार लेखकांची फीड आजच नोंदवून ठेवा. त्यांचे लेखन तुमच्या दारी येईल, आणि तेही तुम्ही बोलावले म्हणून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)