ओळ धरायची कोणती?



१९७१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत युनिक्स नावाची संगणकप्रणाली नुकती कुठे बाळसं धरत होती. तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक ठरला त्याच संस्थेचा पेटंट विभाग. त्या वर्षाच्या उत्तरार्धात तिथले तीन टंकलेखक दिवसभर युनिक्सवर पेटंटचे अर्ज टाइप करत. अशा अर्जात ओळींना क्रमांक लागत. कारण उघड आहे: वकील, संशोधक आणि तपासनीस यांना एकाच शब्दावर बोट ठेवून बोलायचं असतं. ओळींना क्रमांक देण्याची गरज युनिक्सला अशी बाळपणापासूनच चिकटलेली आहे.

आज युनिक्स किंवा लिनक्सवर या कामासाठी एक छोटी आज्ञा मिळते. एन आणि एल ही दोन अक्षरं टाइप करायची, पुढे जागा सोडून फाइलचं नाव द्यायचं आणि एन्टर दाबायचं. पडद्यावर प्रत्येक ओळीआधी क्रमांक दिसतो. मूळ फाइल मात्र होती तशीच राहते. क्रमांकांसह प्रत हवी असेल तर ती वेगळ्या नावानं साठवा. त्याच फाइलवर परत लिहायला गेलात, तर आज्ञा वाचायला लागण्याआधीच फाइल रिकामी होते आणि मजकूर हातचा जातो.

आता यातली मेख. काही सांगितलं नाही, तर एनएल रिकाम्या ओळी मोजत नाही. कॅट नावाच्या दुसऱ्या आज्ञेला एन हा पर्याय जोडला, तर ती रिकाम्या ओळीही मोजते. म्हणजे एकाच फाइलमधली एकच ओळ तुमच्याकडे चाळिसावी आणि सहकाऱ्याकडे सत्तेचाळिसावी! दोघंही बरोबर असतात, आणि तरी फोनवर वाद रंगतो. प्रोग्रॅममधली चूक दाखवणारे संदेश सगळ्या ओळी धरून क्रमांक सांगतात. तिथे एनएलला उणे चिन्ह, बी आणि ए असा पर्याय द्यावा, म्हणजे तीही सरसकट मोजते.

या आज्ञेची खरी करामत त्यापुढची. समजा, ज्ञानेश्वरी टाइप केलेली एक फाइल आहे. बहुतेक पोथ्यांत एक ओवी दोन ओळींत छापतात, आणि दुहेरी दंड येतो तो दुसऱ्या ओळीच्या शेवटी. सरळ ओळी मोजल्या तर ओव्यांची संख्या दुप्पट होईल. पण एनएलला सांगता येतं, की ज्या ओळीत दुहेरी दंड असेल तिलाच क्रमांक दे. उणे बी, मग पी, आणि त्याला चिकटून तो दंड, एवढंच लिहायचं.

ओव्यांचे क्रमांक प्रत्येक अध्यायात पुन्हा एकपासून सुरू होतात. त्याचीही सोय आहे. अध्यायाच्या नावाआधी एका स्वतंत्र ओळीवर उलटी तिरकी रेघ आणि विसर्गासारखी दोन टिंबं, ही जोडी तीनदा लिहायची. ओव्या सुरू होण्याआधी तीच दोनदा. पहिली खूण दिसली की एनएल नवं पान धरते, शीर्षक बिनक्रमांकाचं सोडते आणि मोजणी पुन्हा एकपासून लावते. एक उणीव मात्र आहे: आकडे येतात ते इंग्रजी वळणाचे. मराठी आकडे हवे असतील तर ते नंतर बदलून घ्यावे लागतात, आणि तसं करताना मजकुरातले आकडेही बदलणार नाहीत ना, हे पाहावं लागतं.

इतकं सगळं जमत असलं, तरी हे क्रमांक मूळ मजकुरात कायमचे कोरून ठेवू नयेत. वर एक ओळ घातली की खालचे सगळे क्रमांक खोटे ठरतात. मजकूर बिनक्रमांकाचाच जपावा. चर्चेची, तपासणीची वेळ आली की त्या प्रतीपुरते क्रमांक काढून घ्यावेत. यंत्र मोजण्यात चुकत नाही. पण काय मोजायचं, रिकामी ओळ, ओवी की आज्ञावलीतली प्रत्येक ओळ, हे त्याला आपणच सांगायचं असतं. म्हणून कुणाला ‘चाळिसावी ओळ बघा’ असं लिहाल, तेव्हा ती कशी मोजलीत, हेही सोबत लिहा.