ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

पावसाळ्यात नालासोपारा-विरारकडचे एखादे मूल डेंग्यूने दवाखान्यात दाखल झाले, की फोनवर पहिली चौकशी होते ती ‘पेशी किती आहेत?’ अशी, म्हणजे प्लेटलेट्स किती. विचारण्यात काळजी असते, पण मुलाच्या जिवावर बेतणारी गोष्ट बहुधा वेगळीच असते. डेंग्यूचा ताप दोन ते सात दिवस राहतो. मोठी माणसे हाडे मोडल्यासारखी दुखतात म्हणून सांगतात. तान्हे मूल नुसते किरकिरते, दूध टाकते. पुढे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्याच वेळी जोखमीचे 24 ते 48 तास सुरू होतात. बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागून रक्तातला पातळ भाग पोटात, छातीत उतरतो. उरलेले रक्त दाट होते, म्हणजे तपासणीतले हिमॅटोक्रिट चढते. पोट सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे, मूल मलूल पडणे, हात-पाय गार होणे, लघवी कमी होणे ही त्याची चिन्हे. मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून ‘बीपी ठीक आहे’ एवढ्यावर विसंबता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली डेंग्यूची वर्गवारी बदलली, तेव्हा धोक्याच्या लक्षणांना वेगळे स्थान दिले ते याचसाठी.

कोणी म्हणेल, पेशी घटल्या तर रक्तस्राव होणारच ना? होऊ शकतो; पण मोठा रक्तस्राव बहुतेक वेळा शॉक, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडण्याची अवस्था, लांबल्यावर होतो. म्हणून रक्त वाहत नसताना केवळ आकडा पाहून पेशी चढवण्यात फायदा दिसत नाही. पेशी झपाट्याने घटताना हिमॅटोक्रिट वर जात असेल, तर मात्र ती जोडी गंभीर. एकट्या आकड्यापेक्षा ती बोलकी. ‘मग पहिल्या दिवसापासूनच सलाईन लावा’ हा दुसरा आग्रह. मूल तोंडाने पीत असेल तर पेज, नारळपाणी, ओआरएस पुरते. तापाला पॅरासिटामॉल द्यावे; आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन मात्र नको. (डासांबाबतही आपली नजर अशीच चुकते. शिव्या गटाराला, क्वचित बावखलाला, म्हणजे गावतळ्यालाही. आणि डेंग्यू पसरवणारा, दिवसा चावणारा एडिस डास वाढतो टँकरच्या पाण्याने भरून ठेवलेल्या उघड्या पिंपात. पिंप भरण्याला इलाज नाही, हे खरे. पण त्यावर घट्ट झाकण बसू शकते, आठवड्यातून एकदा ते घासून कोरडेही करता येते.)

जोखमीचा काळ सरला की झिरपलेले पाणी आपोआप रक्तात परतते. मुलाला भूक लागते, लघवी भरपूर होते. या टप्प्यावर सलाईन चालूच ठेवले तर जादा पाणी फुप्फुसात साठून धाप लागते, तेव्हा ते वेळेवर थांबवणे हाही उपचारच. पेशी वाढू लागतात त्या याच सुमारास, आपल्या आपण. श्रेय मात्र पपईच्या पानांचा रस घेऊन जातो.