देवळाबाहेरचा शब्द

देवाधर्माच्या अपमानाला इंग्रजीत एक शब्द पुरत नाही. ब्लास्फेमी, सॅक्रिलेज, प्रोफेन असे वेगवेगळे शब्द आहेत. आपली वर्तमानपत्रे मात्र सगळ्यांना मिळून 'विटंबना' म्हणतात आणि मोकळी होतात.

ब्लास्फेमी ग्रीकमधून आला. तो तोंडाचा अपराध, वाईट बोलण्याचा. सॅक्रिलेज लॅटिनमधला. मुळात देवळातली वस्तू चोरणे, म्हणजे हाताचा अपराध. प्रोफेनपाशी मी अडखळतो. 'फानुम' म्हणजे देऊळ आणि 'प्रो' म्हणजे समोर. प्रोफेन म्हणजे देवळाबाहेरचा. त्याने काही बोललेले नाही, चोरलेले नाही. तो नुसता बाहेर उभा आहे! पुढे त्याच शब्दाला अपवित्र, शिवराळ असा अर्थ चिकटला.

आपल्याला हे परके वाटायला नको. चोखोबा पंढरपूरला असेच बाहेर उभे राहिले. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. ते दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. अपमान कोणी कोणाचा केला होता?

आमच्या घरात शब्द होता बेअदबी. अदब म्हणजे रीत, मान राखणे. छापील कागद जमिनीवर दिसला की आई उचलून कोनाड्यात ठेवी. लिपी कोणती हे ती पाहत नसे. तिला वाचताच येत नव्हते. आमच्या तुमसरच्या बाजारात धानावर पाय पडला तर दाणा उचलून कपाळाला लावणारे हमाल मी पाहिले आहेत. त्यांना बेअदबी हा शब्द सांगायची गरज नव्हती.

पण मान राखायचा म्हणजे देवाशी भांडायचेच नाही का? जनाबाई विठ्ठलाला चक्क शिव्या देते, आणि वारकरी ते टाळ वाजवत गातात. इक्बालने 1911 साली लाहोरात 'शिक्वा' वाचला, म्हणजे थेट अल्लाकडे तक्रार. लोक रागावले. मग 1913 मध्ये त्यानेच अल्लाच्या तोंडून उत्तर लिहिले.

कायदा इथे जरा शहाणा वाटतो. 1927 साली दंडसंहितेत 295-अ कलम आले. 2024 पासून तेच न्याय संहितेत 299 झाले आहे. त्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' अशी अट आहे. नुसते कोणाचे मन दुखावले एवढ्याने भागत नाही. हेतू पाहावा लागतो. रस्त्यावरची गर्दी तेवढी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

एकदा कविसंमेलनानंतर एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "भाईजान, कविता चांगली आहे, पण अल्लाला अरे-तुरे?" मी म्हटले, "चाचा, उर्दूतही आपण त्याला 'तू'च म्हणतो." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते खरं. पण मराठीत ते फार जवळून ऐकू येतं."